मदत हवी आहे: वाफेचं इंजिन पेटवताना बघायचंय, किती वाजता पोचावं?

पुढच्या महिन्यात स्वयंसेवक चालवतात असं वाफेच्या इंजिनांचं एक संग्रहालय बघायला जाणार आहोत. सोबत ऐंशीच्या घरातले वडील आणि नऊ वर्षांची मुलगी. इंजिन चालू असेल असाच दिवस निवडलाय, पण वेळापत्रकात नुसतं '११ ते ४' आहे. दोनदा फोन केला, कुणी उचलला नाही (नोकऱ्या सांभाळून येणारी माणसं, तक्रार नाही). मेलला 'जरूर या' एवढंच उत्तर आलं.

मला धावत्या इंजिनापेक्षा त्याआधीची तयारी बघायची आहे. थंड बॉयलर घाईने तापवला तर पत्रे कमी-जास्त प्रसरण पावतात आणि सांधे गळू लागतात, म्हणून मोठ्या इंजिनात वाफ धरायला कित्येक तास जातात. म्हणजे ११ला पोचलो तर लाकडं पेटवून त्यावर कोळशाचा पहिला थर टाकणं केव्हाच उरकलेलं असणार. काचेच्या नळीत पाण्याची पातळी बघून मगच जाळ करतात, तेही मुलीला दाखवायचंय.

वडिलांना उभी शिडी चढून केबिनमध्ये जाणं जमणार नाही, त्यांना खालूनच बघावं लागेल. सेफ्टी व्हॉल्व्ह (दाब वाढला की जादा वाफ बाहेर सोडणारी झडप) उघडल्यावर कान फुटतील असा आवाज होतो, त्यासाठी मुलीला कानात घालायचे बोळे घेतलेत.

अशा ठिकाणी गेलेल्यांनी सांगा: उघडण्याच्या वेळेआधी शेडमध्ये येऊ देतात का? विचारायचं कुणाला, आणि नाहीच जमलं तर संध्याकाळी आग काढून राख झाडताना तरी थांबू देतात का?