बोंडअळीचा एक व्हिडिओ पाहिला की कर्जाच्या जाहिराती काहून येतात? नेमकं काय बंद करा लागते?

कपाशी_दारव्हा

राजेहो, एक गोष्ट समजावून सांगा. गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळे एकरी किती लावायचे, एवढंच यूट्यूबवर शोधलं. व्हिडिओच्या खाली एका दुकानाची लिंक होती, तिथं बॅटरीच्या फवारणी पंपाचा भाव पाहिला. दुसऱ्या दिवशीपासून फेसबुकवर पंपच पंप. मंग ट्रॅक्टरचं कर्ज, मंग "आधारवर पाच मिनिटात ५०,०००". शेजारच्यानं त्याच्या फोनवर ठिबकचा भाव पाहिला तं ठिबक मले दिसून राहिलं. लोकं म्हणतात फोन आपलं बोलणं ऐकते. खरं हाय का? फोन रेडमीचा, घरात एकच, पोरगंही त्याच्यावरच अभ्यासाचे व्हिडिओ पाहते. काय बंद करू, कोणत्या क्रमानं, ते नीट सांगा.

सेतू_खिडकी

भाऊ, माइकचा संशय आधी मिटवून टाका. अँड्रॉइड १२ पासून कोणतंही ॲप माइक किंवा कॅमेरा वापरत असलं की स्क्रीनच्या वरच्या कोपऱ्यात हिरवी खूण दिसते. सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी डॅशबोर्ड' उघडा, गेल्या २४ तासांत माइक कोणत्या ॲपनं किती वाजता घेतला ते तिथं वेळेसकट लिहिलेलं असते. फेसबुकचं नाव नसलं तर तो विषय संपला. ऐकायची त्याले गरजच नाही, आपण बोटानंच सगळं सांगून मोकळे होतो.

तुमचा यूट्यूबवरचा शोध गूगलनं फेसबुकले दिला असं झालं नाही. दोघंही जाहिरातीच्याच धंद्यात, हा माल कोणी दुसऱ्याच्या हाती देत नाही. माग लागला तो व्हिडिओखालच्या लिंकवर. दुकानांच्या वेबसाइटवर बहुतेक वेळा मेटाचा, म्हणजे फेसबुकच्या मालक कंपनीचा, पिक्सेल बसवलेला असते. पिक्सेल म्हणजे पानाच्या पोटात ठेवलेला कोडचा लहानसा तुकडा. पान उघडलं की तो मेटाले कळवते: अमुक वाजता या ब्राउझरवरून 'फवारणी पंप' पाहिला, भावाचं बटण दाबलं. त्याच ब्राउझरमध्ये फेसबुक उघडलेलं असलं तर कुकीवरून (वेबसाइट ब्राउझरमध्ये ठेवते ती ओळखीची खूण) सरळ तुमचं खातं जुळते. नसलं तरी तिथं भरलेला मोबाईल नंबर जुळवणीले पुरते. फेसबुकवरून एखादी लिंक उघडा आणि वरचा पत्ता पाहा, शेवटी 'एफबीसीएलआयडी' अशी लांब शेपटी लागलेली दिसन. तीही त्याच कामाची. लिंक कोणाले पाठवाची असन तं ती शेपटी खोडून पाठवा, पान तसंही उघडते.

शेजाऱ्याच्या ठिबकचं म्हणाल तर पहिलं हे पाहा, की दोघं एकाच हॉटस्पॉटवर किंवा ग्रामपंचायतीच्या वायफायवर असता का? तिथं बाहेरून दोघांचा आयपी पत्ता (नेटवरचा पत्ता) एकच दिसते, म्हणून दोघं एकाच घरचे वाटू शकता. दुसरं म्हणजे कॉन्टॅक्ट्स. त्यानं आपली फोनबुक फेसबुकले अपलोड केली असन तं तुमचा नंबर तिथं पोचला, तुम्ही काही न करता. केंब्रिज ॲनालिटिका या राजकीय सल्लागार कंपनीले एका ॲपमधून फेसबुकवाल्यांची माहिती मिळाल्याचं प्रकरण २०१८ मध्ये बाहेर आलं तेव्हा फेसबुकनं स्वतःच आकडा दिला होता: भारतात ते ॲप टाकणारे फक्त ३३५ लोक, आणि त्यांच्या मित्रयादीतून ज्यांची माहिती गेली असू शकते असे ५ लाख ६२ हजार. दुसऱ्यानं दाबलेलं बटण आपल्याले कसं भोवते ते यात दिसते.

जाहिरात_यवतमाळ

जाहिरात देणाऱ्याच्या स्क्रीनवर काय दिसतं ते सांगतो, म्हणजे काय झाकायचं ते कळेल. तिथं कोणाचं नाव किंवा फोटो दिसत नाही. नकाशावर दारव्ह्यावर टाचणी रोवायची, भोवती २५ किलोमीटरचं वर्तुळ ओढायचं, वय २५ ते ५५ टाकायचं, आवड म्हणून 'शेती', 'ट्रॅक्टर' निवडायचं. बाजूला अंदाजे किती माणसं सापडतील तो आकडा येतो.

पण जास्त नेम साधणारी गोष्ट म्हणजे ग्राहकांची यादी. एक्सेलमधले मोबाईल नंबर चढवले की ते आधी सांकेतिक रूपात बदलले जातात आणि मग मेटाच्या खात्यांशी ताडून पाहिले जातात. एका देशातली किमान १०० माणसं जुळली की त्यांच्यासारखीच दिसणारी नवी माणसं शोधायला सांगता येतं. देशातल्या लोकांपैकी १ टक्का ते १० टक्के, आकडा जितका कमी तितकं साम्य जास्त. म्हणजे बियाण्याच्या पावतीवर लिहून दिलेला तुमचा नंबर अशा यादीत जाऊ शकतो, आणि नसला तरी तुमच्यासारख्या आवडी असलेल्या दुसऱ्याच्या नंबरावरून तुम्ही सापडता. कुकी पुसता येते, फोन बदलता येतो, नंबर मात्र वर्षानुवर्षं तोच राहतो. सगळे तुकडे त्याच एका धाग्यात ओवले जातात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. जाहिरातीखाली 'दर जाणून घ्या' किंवा 'अर्ज करा' हे बटण असतं. ते दाबलं की फेसबुकच्या आतच फॉर्म उघडतो आणि नाव, नंबर तुमच्या प्रोफाइलवरून आधीच भरलेले असतात. लोकांना वाटतं अजून काहीच दिलं नाही, पुढचं पान पाहायला म्हणून ते 'सबमिट' दाबतात. त्याच क्षणी नाव-नंबर जाहिरातदाराच्या यादीत पडतो. इथून पुढे कोणतीही सेटिंग बदलली तरी तो परत येत नाही. फक्त भाव पाहायचा असेल तर असा फॉर्म बंद करा आणि ब्राउझरमध्ये कंपनीचं नाव टाकून भाव शोधा.

कर्जाबद्दल एकच सांगतो. ३१ मे २०२३ पासून प्ले स्टोअरवरच्या वैयक्तिक कर्जाच्या ॲपना कॉन्टॅक्ट्स आणि फोटो मागायला बंदी आहे. कर्जाचं ॲप कॉन्टॅक्ट्स मागत असेल, किंवा कोणी व्हॉट्सॲपवर एपीके फाइल (प्ले स्टोअरबाहेरून ॲप बसवायची फाइल) पाठवत असेल, तर ते फोनमध्ये घेऊच नका. थकलेल्या हप्त्यासाठी सोयऱ्याधायऱ्यांना फोन जातात ते त्या कॉन्टॅक्ट्सवरूनच.

वऱ्हाडची_ताई

दादा, क्रम असा ठेवा.

आधी फेसबुक. तीन रेघा, सेटिंग्ज, 'अकाउंट्स सेंटर', त्यात 'युअर इन्फर्मेशन अँड परमिशन्स', त्यात 'युअर ॲक्टिव्हिटी ऑफ मेटा टेक्नॉलॉजीज'. कोणत्या वेबसाइटनी आणि ॲपनी तुमची खबर दिली त्यांची यादी इथं निघते, पंपाचं दुकानही बहुधा सापडेल. इथं चूक अशी होते की लोक 'क्लिअर' दाबतात आणि समाधानानं बाहेर येतात. त्यानं फक्त मागचं तुटतं, उद्यापासून यादी पुन्हा भरायला लागते. 'डिस्कनेक्ट फ्यूचर ॲक्टिव्हिटी' हे वेगळं आहे, तेही करा. मात्र ज्या ॲपमध्ये फेसबुकनं लॉगिन केलंय ती बाहेर टाकतील, म्हणून त्यांचे पासवर्ड आधी लावून ठेवा. नंतर त्याच 'अकाउंट्स सेंटर'मध्ये 'अपलोड कॉन्टॅक्ट्स' बंद करा. 'ॲड प्रेफरन्सेस'मध्ये जाहिरात भागीदारांकडून आलेली माहिती वापरू नका, हा पर्याय आहे, तो निवडा.

मग फोन. सेटिंग्ज, गूगल, 'ॲड्स', 'डिलीट ॲडव्हर्टायझिंग आयडी'. प्रत्येक फोनला जाहिरातीसाठी एक क्रमांक असतो, वेगवेगळी ॲप त्यावरून एकच माणूस ओळखतात. तो काढला की ॲपला नुसती शून्यं मिळतात. जुन्या फोनवर फक्त 'रीसेट' दिसेल, तेही चालेल.

गूगल खात्यात 'माय ॲड सेंटर' उघडा. शिक्षण, नोकरीचं क्षेत्र, घर स्वतःचं की भाड्याचं, उत्पन्न, लग्न झालं की नाही, याबद्दल गूगलनं काय धरून चाललंय ते तिथं दिसतं. वरचं 'पर्सनलाइज्ड ॲड्स' बंद करा. 'वेब अँड ॲप ॲक्टिव्हिटी' आणि यूट्यूब हिस्ट्री आपोआप पुसायला ३ महिन्यांवर लावा, ३, १८ आणि ३६ असे पर्याय येतात.

रेडमीत एक जास्तीचं काम आहे. 'पासवर्ड्स अँड सिक्युरिटी'मध्ये 'ऑथरायझेशन अँड रिव्होकेशन' आणि त्यात 'एमएसए', म्हणजे फोनमध्येच जाहिराती दाखवणारं रेडमीचं ॲप. नेट चालू ठेवून ते बंद करा, १० सेकंदांची उलटी मोजणी होते. पुष्कळदा 'जमलं नाही' असं येतं, तरी पुन्हा पुन्हा करा, तिसऱ्या-चौथ्या खेपेला होतं. तिथेच 'प्रायव्हसी'मधल्या 'ॲड सर्व्हिसेस'मध्ये वैयक्तिक जाहिराती बंद करा.

लोकेशन 'फक्त ॲप वापरताना' ठेवा आणि 'प्रिसाइज' काढा. हवामानाच्या ॲपला तेवढं पुरतं, पावसाचा अंदाज काही शेताच्या बांधापर्यंत मोजून येत नाही.

जाहिराती कमी होणार नाहीत, हे मात्र ध्यानात ठेवा. तेवढ्याच येतील, फक्त तुमच्या मापाच्या राहणार नाहीत.

कपाशी_दारव्हा

ताई, सगळं केलं. एमएसए पाचव्यांदा झालं. फोन मात्र येऊनच राहिले, ट्रॅक्टरवाले आन् कर्जवाले. आन् पोराचं काय करू?

वऱ्हाडची_ताई

नंबर यादीत गेलाय, तिथं फोनची सेटिंग पोचत नाही. १९०९ वर मेसेज पाठवा: इंग्रजीत 'स्टार्ट', एक जागा मोकळी, मग शून्य. १४० पासून सुरू होणारे जाहिरातीचे फोन यानं थांबतील. साध्या दहा आकडी नंबरवरून फोन आला तर ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) डीएनडी ॲपवर ७ दिवसांच्या आत तक्रार टाका. तारीख आणि नंबर लागतो, म्हणून कॉलची नोंद पुसू नका. पैसे गेले असतील तर मात्र लगेच १९३०, ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन आहे.

पोराचं खरं बोलायचं तर मला तिथंच जास्त काळजी वाटते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांचा माग काढायला आणि त्यांना नेम धरून जाहिराती दाखवायला मनाई आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, लागू होणं टप्प्याटप्प्यानं आहे. पण पोरगा तुमच्या खात्यावर पाहतो, म्हणजे कंपनीच्या लेखी तो चाळीशीतला शेतकरीच. त्याच्या खऱ्या जन्मतारखेनं वेगळं गूगल खातं काढा, 'फॅमिली लिंक'नं (पालकांनी मुलांच्या खात्यावर लक्ष ठेवायची गूगलची सोय) तुमच्याशी जोडा, आणि यूट्यूबमध्ये वर फोटोवर दाबून त्याच्या खात्यावर गेल्याशिवाय व्हिडिओ लावू देऊ नका. तारीख मोठी टाकली तर सगळं व्यर्थ जातं, ती खरीच टाका.