कारच्या दाराचे स्पीकर बदलले, पण बेस गेला

प्रश्न: पुढच्या दारांत ६.५ इंची कोअॅक्सियल (मोठ्या स्पीकरच्या मध्येच छोटा ट्वीटर असलेले) स्पीकर बसवले. आवाज स्वच्छ, पण बेस आधीपेक्षा कमी. का?

उत्तर १: आधी पोलॅरिटी, म्हणजे प्लस-मायनस तारांची जोडणी, बघा. एकाच बाजूचे प्लस-मायनस उलटे झाले तर दोन्ही बाजूंचे कोन (स्पीकरचे हलणारे पडदे) विरुद्ध दिशांना हलतात आणि बेस कटतो. स्टिरिओचा बॅलन्स (डाव्या-उजव्या आवाजाचं सेटिंग) एका बाजूला पूर्ण फिरवून बेस वाढला, तर हेच कारण. स्पीकर सुटा करून दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावा. प्लसला प्लस असेल तर कोन बाहेर येतो.

उत्तर २: ते ठीक असेल तर अडॅप्टर रिंगभोवतीची (स्पीकर दारात बसवायच्या कड्याभोवतीची) फट फोमच्या पट्टीने बुजवा, पत्र्याची मोठी भोकं ब्यूटाइल (चिकट रबरी) शीटने. तळाची निचऱ्याची भोकं मात्र बुजवू नका, दार गंजेल! पॅनल लावण्याआधी काच पूर्ण खाली घेऊन बघा, मॅग्नेटला अडकते का.

प्रश्नकर्ता: बॅलन्स फिरवताच बेस आला. डावीकडच्या तारा उलट्या होत्या.