‘तहकूब’, ‘संस्थगित’ की ‘सत्रसमाप्ती’?

प्रश्न : अधिवेशन संपल्याची बातमी मी तीन ठिकाणी वाचली. एकाने लिहिलं ‘बेमुदत तहकूब’, दुसऱ्याने ‘संस्थगित’, तिसऱ्याने ‘अधिवेशनाचे सूप वाजले’. तिन्हींचा अर्थ एकच का? ‘स्थगित’ म्हणजे थांबवलेलं, असं आपण शाळेत शिकलो. मग अधिवेशन थांबलं की संपलं? मी मुलांना नागरिकशास्त्र शिकवते आणि परवा वर्गात याच प्रश्नावर अडले.

उत्तर : ताई, मी चौदा वर्षं एका आमदारांचा स्वीय सहायक होतो, त्यामुळे हे तिन्ही शब्द रोज कानावर पडत.

‘तहकूब’ होते ती बैठक. गोंधळ झाला की दहा मिनिटांसाठी तहकूब, संध्याकाळी दुसऱ्या दिवसापर्यंत तहकूब. हा अधिकार अध्यक्षांचा, परिषदेत सभापतींचा. ‘संस्थगित’ होतं ते अख्खं अधिवेशन, आणि तो अधिकार राज्यपालांचा, संविधानाच्या अनुच्छेद १७४ प्रमाणे. शेवटच्या दिवशी अध्यक्ष राज्यपालांचा आदेश वाचून दाखवतात, तेव्हा ते घडतं. ‘विसर्जित’ होते ती विधानसभाच. म्हणजे २८८ जणांची आमदारकी गेली आणि निवडणूक आली. विधान परिषद विसर्जित होत नाही.

आता तुमची खरी शंका. ‘स्थग्’ या संस्कृत धातूचा मूळ अर्थ झाकणे. मराठीत ‘स्थगित’ म्हणजे तात्पुरतं रोखलेलं : बदलीला स्थगिती, बांधकामाला स्थगिती. ती उठली की काम होतं तिथून पुढे सुरू. त्यामुळे ‘संस्थगित’ ऐकून वाटतं, की कामं जशीच्या तशी झाकून ठेवली आहेत, पुढच्या वेळी झाकण काढायचं. तसं होत नाही, आणि म्हणूनच हा शब्द मला खटकतो.

एक प्रसंग सांगतो. नागपूरचं हिवाळी अधिवेशन, शेवटचा आठवडा. सकाळी लवकर विशेष बैठक लावून लक्षवेधी, म्हणजे तातडीच्या प्रश्नाकडे मंत्र्याचं लक्ष वेधणाऱ्या आमदारांच्या सूचना, घेत होते, कारण साचलेल्या सूचना भरपूर. आमच्या मतदारसंघातल्या एका वितरिकेचं (कालव्याच्या फाट्याचं) अस्तरीकरण फुटून शेवटच्या टोकाच्या शेतांना पाणी मिळत नव्हतं, त्यावरची आमची लक्षवेधी कामकाजपत्रिकेत शेवटून दुसरी होती. आमदार निवासातल्या खोलीत मी टिपण तयार केलं, कुठल्या गावाची किती एकर जमीन कोरडी राहिली ते हाताने लिहून दिलं. साहेब सकाळपासून कागद मांडीवर घेऊन बसून. तिसऱ्या लक्षवेधीवरच वेळ गेला. दुपारी पुरवणी मागण्या, मग विधेयकं, मग अंतिम आठवडा प्रस्तावाला उत्तर. रात्री अधिवेशन संस्थगित.

गावातल्या एका म्हाताऱ्या शेतकरी काकांचा फोन आला. त्यांनी टीव्हीवर तो शब्द ऐकला होता. म्हणाले, “थांबलंय ना फक्त? मग मार्चमध्ये आपला नंबर आता दुसराच लागंल.” मला सांगावं लागलं, की काका, आपली सूचना संपली, आता नव्याने द्यायची. ते बराच वेळ बोललेच नाहीत. एका शब्दाने त्या माणसाला आशा लावली होती, हे मी विसरू शकत नाही.

संविधानाच्या मराठी आवृत्तीत यासाठी ‘सत्रसमाप्ती’ असा स्वच्छ शब्द आहे. हिंदीवाले ‘सत्रावसान’ म्हणतात. आपण सोपा, खरा शब्द हाताशी असून ‘संस्थगित’ का धरून बसलो आहोत?

आणखी एक उत्तर : ‘सूप वाजणे’बद्दल. आमच्या आजोळी लग्नाचे सगळे विधी उरकले की सूप वाजवत. त्यानंतर त्या मांडवात काही व्हायचं नसे. वरचा अनुभव वाचून वाटलं, की बोलीतला हा वाक्प्रचार ‘संस्थगित’पेक्षा जास्त खरा आहे. मथळ्यात तो हलकाफुलका वाटतो म्हणून काही संपादक टाळतात. मी तर तोच ठेवा म्हणेन.

गोव्याहून : आमच्याकडे ४० आमदारांची एकच विधानसभा, पण शब्दांत फरक आहे. मंत्री नसलेल्या आमदाराने मांडलेल्या ठरावाला तुम्ही महाराष्ट्रात ‘अशासकीय ठराव’ म्हणता, आमची वृत्तपत्रं ‘खासगी ठराव’ लिहितात. मला तुमचा शब्द पटतो. शाळेच्या रस्त्यासाठी आमदाराने मांडलेल्या ठरावात खासगी असं काय आहे?

प्रश्नकर्ती : मनापासून आभार. म्हणजे संस्थगित झाल्यावर सगळंच जातं? राहिलेल्या विधेयकांचं काय? आणि ‘व्यपगत’ कशाला म्हणतात?

उत्तर : सगळं जात नाही, ताई. विधेयक टिकतं. अनुच्छेद १९६ मध्ये स्पष्ट आहे, की सत्रसमाप्तीमुळे प्रलंबित विधेयक व्यपगत होत नाही. मंत्र्याने सभागृहात दिलेलं आश्वासनही टिकतं. त्याच्या पूर्ततेवर आश्वासन समिती लक्ष ठेवते. म्हणून जाणता आमदार शेवटच्या दोन दिवसांत भाषण लांबवत नाही, मंत्र्याच्या तोंडून ‘चौकशी करू’ऐवजी ‘अमुक महिन्यात करू’ एवढं वदवून घेतो. ते शब्द कार्यवृत्तात छापले गेले, की वर्षभर पत्रव्यवहाराला आधार मिळतो. लक्षवेधी हुकली तर औचित्याच्या मुद्द्याद्वारे दोन मिनिटं तरी विषय नोंदवतो.

व्यपगत म्हणजे वि + अप + गत, निघून गेलेलं. चर्चेला न आलेल्या लक्षवेधीचं हेच होतं. कागदावर शब्द बरोबर आहे, पण गावात कुणाला कळत नाही. मी त्या काकांना ‘बाद झाली’ म्हणालो होतो. वर्गातही तेच सांगा : बैठक तहकूब झाली, अधिवेशन संपलं, लक्षवेधी बाद झाली, विधेयक शिल्लक राहिलं.

आमची लक्षवेधी अर्थसंकल्पी अधिवेशनात नव्या तारखेने पुन्हा दिली. या वेळी कामकाजपत्रिकेत पहिली लागली आणि काका तेव्हा गॅलरीत पास घेऊन बसले होते.