पेरिएने १९९० मध्ये परत मागवलेल्या बाटल्या: जबाबदारीचा आदर्श की उशिरा सुचलेले शहाणपण?

धागालेखक:

फेब्रुवारी १९९० मध्ये फ्रान्सच्या पेरिए कंपनीने बेंझिन हे आरोग्यास घातक रसायन आढळल्यामुळे फसफसणाऱ्या खनिजजलाच्या सुमारे १६ कोटी बाटल्या जगभरातून परत मागवल्या. कंपनीने संकटकाळात कसे वागावे, याचा धडा म्हणून ही घटना आजही कौतुकाने सांगितली जाते. हे कौतुक अस्थानी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

या कंपनीने प्रथमपासून पाण्यापेक्षाही पाण्यावरचा विश्वास विकला आहे. दक्षिण फ्रान्सच्या गार प्रांतात वर्जेझ गावाजवळ असलेला हा झरा १८९८ मध्ये नीम येथील डॉक्टर लुई पेरिए यांनी विकत घेतला. पुढे १९०३ च्या सुमारास तो इंग्रज गृहस्थ सेंट जॉन हार्म्सवर्थ यांच्याकडे गेला. लंडनचे वृत्तपत्रसम्राट लॉर्ड नॉर्थक्लिफ हे त्यांचे थोरले बंधू. हार्म्सवर्थ यांनी झऱ्याला डॉक्टरांचे नाव दिले आणि मोटार अपघातानंतर ते ज्या मुद्गलांनी व्यायाम करत, त्यांच्या घाटावरून ती प्रसिद्ध हिरवी बाटली घडवली, असे सांगतात. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात ऑर्सन वेल्स यांच्या भारदस्त आवाजातील जाहिरातींनी हेच पाणी अमेरिकेत प्रतिष्ठेचे केले. निर्मळपणाच्या जोरावर एवढी उंची गाठलेल्या कंपनीकडून संकटाच्या पहिल्या दिवशी खरे बोलण्याची अपेक्षा ठेवणे अवाजवी नव्हते. प्रत्यक्षात तिने आधी सांगितले की यंत्रे पुसताना चुकीचे स्वच्छताद्रव्य वापरले गेले आणि दोष फक्त उत्तर अमेरिकेला गेलेल्या मालात आहे. युरोपातील बाटल्यांतही बेंझिन सापडल्यावर मात्र हे स्पष्टीकरण मागे घ्यावे लागले.

प्रतिसाद १:

आपण घटनाक्रम बरोबर मांडला आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. नॉर्थ कॅरोलिनातील मेक्लेनबर्ग काउंटीच्या प्रयोगशाळेत आढळलेले बेंझिनचे प्रमाण अब्ज भागांत १२.३ ते १९.९ भाग इतके होते, तर अमेरिकेतील पिण्याच्या पाण्याची मर्यादा ५ भागांची होती. मर्यादा ओलांडली गेली होती, हे निर्विवाद. तथापि ग्राहकांच्या आरोग्याला तातडीचा धोका नाही, असे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानेच सांगितले होते. अशा स्थितीत ठरावीक तारखांचा माल काढून घेऊन बाकीची विक्री चालू ठेवणे कंपनीला सहज शक्य होते. त्याऐवजी १० फेब्रुवारीला अमेरिकेतील आणि १४ फेब्रुवारीला जगभरातील सगळा माल मागे घेण्याचे ठरले. १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून कंपनी उभारत आलेले गुस्ताव लवेन तेव्हा प्रमुखपदी होते. शंकेचा लवलेशही बाजारात राहू नये म्हणून त्यांनी आपल्याच मालावर पाणी सोडले. चार दिवसांत घडलेल्या या गोष्टीला सारवासारव म्हणणे अन्यायाचे आहे. अर्धवट माहितीवर बोलणे आणि जाणूनबुजून खोटे बोलणे यांत फरक केलाच पाहिजे.

प्रतिसाद २:

दोन्ही बाजूंनी एक तांत्रिक मुद्दा सोडला आहे आणि माझ्या दृष्टीने सगळे प्रकरण त्यातच आहे. वर्जेझच्या जमिनीखालचे पाणी आणि कार्बन डायऑक्साइड वायू हे तेव्हा वेगवेगळ्या विहिरींतून काढले जात आणि बाटली भरताना पुन्हा एकत्र केले जात. बेंझिन आले ते या वायूतून. वायूमध्ये ते निसर्गतःच असते आणि कोळशाच्या गाळण्यांनी काढून टाकावे लागते. त्या गाळण्या वेळेवर बदलल्या गेल्या नाहीत, म्हणून बेंझिन निसटून बाटलीत उतरले. म्हणजेच कोण्या कामगाराच्या फडक्याचा येथे काहीही संबंध नव्हता, आणि वायूची शुद्धी कशी होते हे ज्यांना ठाऊक होते, त्यांना ही शंका पहिल्या दिवशीच यायला हवी होती.

मात्र पाणी आणि वायू वेगळे काढण्यातच फसवणूक आहे, असा सूर कोणी लावणार असेल तर मी त्याच्याशी सहमत नाही. त्याच झऱ्याचा वायू पाण्यात परत मिसळण्यास युरोपीय नियमांची मान्यता आहे आणि तसे बाटलीवर लिहिलेही जाते. अमेरिकेत मात्र या प्रकरणानंतर लेबलावरून ‘निसर्गतः फसफसणारे’ हे शब्द काढावे लागले, कारण तेथील ग्राहकाची समजूत अशी होती की पाणी जमिनीतून जसे उसळते तसेच थेट बाटलीत येते.

धागालेखक:

प्रतिसाद २ मधील माहितीमुळे माझा आक्षेप अधिकच पक्का होतो. गाळणी आहे, हे कंपनीला ठाऊक होते. ग्राहकाला मात्र ते तपासणी झाल्यावरच कळले. जानेवारी २०२४ मध्ये हीच गोष्ट पुन्हा दिसली. फ्रेंच पत्रकारांच्या शोधातून उघड झाले की पेरिएसह अनेक खनिजजलांवर अतिनील किरण आणि सक्रिय कोळशाच्या गाळण्या यांसारख्या प्रक्रिया केल्या जात होत्या. नैसर्गिक खनिजजलाचे निर्जंतुकीकरण युरोपीय नियमांनुसार करताच येत नाही, आणि असे पाणी नळाच्या पाण्याहून कितीतरी महाग विकले जाते ते याच अटीच्या बळावर. आता पेरिएची मालक असलेल्या नेस्ले कंपनीने या प्रक्रिया वापरल्याचे मान्यही केले. त्याच वर्षी एका विहिरीत विष्ठेतून येणारे जिवाणू आढळल्यामुळे प्रशासनाच्या आदेशावरून सुमारे २० लाख बाटल्या नष्ट कराव्या लागल्या.

प्रतिसाद १:

१९९२ मध्ये पेरिए नेस्लेच्या ताब्यात गेली. नव्या मालकाच्या काळातील वर्तनाचा ठपका लवेन यांच्यावर ठेवता येणार नाही. किंबहुना मी उलट म्हणेन: १९९० च्या माघारीनंतर पेरिएने अमेरिकेतील बाजाराचा मोठा भाग गमावला, तो तिला पूर्वीसारखा परत मिळाला नाही आणि दोन वर्षांत कंपनीचे स्वातंत्र्यही गेले. ज्या निर्णयाची एवढी किंमत मोजावी लागली, तो निव्वळ देखावा कसा असेल?

प्रतिसाद ३:

मोजलेल्या किमतीवरून हेतू सिद्ध होत नाही, पण लवेन आणि नेस्ले यांना एकाच मापाने मोजू नये, हे मला मान्य आहे. दोन्ही प्रकरणांचे स्वरूपही भिन्न आहे: १९९० मध्ये असायलाच हवी होती ती गाळणी निकामी झाली, तर अलीकडे असायलाच नको होती ती गाळणी चालू राहिली. दुसरा प्रकार मला अधिक गंभीर वाटतो, कारण तो एका चुकीतून नव्हे, रोजच्या कामकाजातून घडला. शिवाय मे २०२५ मधील फ्रेंच सिनेटच्या चौकशी अहवालाने सरकारवरही माहिती दडवल्याचा ठपका ठेवला आहे. १९९० मध्ये एका काउंटीच्या प्रयोगशाळेने शंका येताच वरिष्ठ यंत्रणेला कळवले आणि काही दिवसांत सगळे उघड झाले. त्यामुळे तेव्हाच्या कंपनीला किती श्रेय द्यायचे, यावर वाद घालताना त्या प्रयोगशाळेला वगळून चालणार नाही. तिने कळवले नसते, तर लवेन यांच्यापुढे निर्णयाचा प्रश्नच आला नसता.