कोर्टाने सोडलं म्हणजे खात्यानेही सोडायचं का?

निवृत्त_लिपिक

परवा आमच्या भागातल्या एका पोलीस कर्मचाऱ्याची कोर्टातून सुटका झाली आणि लगेच पेढे वाटले, फटाके वाजले, व्हॉट्सअ‍ॅपवर सत्याचा विजय वगैरे फिरलं. मग बातमी आली की त्याची खातेनिहाय चौकशी चालूच राहणार, तर गावात एकच ओरड, की कोर्टाने सोडल्यावर आता खात्याला काय पडलंय, एका माणसाला किती वेळा पिळणार. म्हणून हा धागा.

मी एका जिल्ह्याच्या एसपी ऑफिसला लिपिक होतो, शेवटची अकरा वर्षं चौकशीच्या फायली माझ्या टेबलावर. माझं म्हणणं सरळ आहे. कोर्ट एकच बघतं, गुन्हा संशयापलीकडे सिद्ध झाला का, आणि ते बरोबरच आहे कारण तिथे माणूस जेलमध्ये जाणार असतो. खात्याने बघायचं असतं की हा माणूस उद्या परत वर्दी घालून ठाण्यात बसावा का. या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कोर्टाच्या निकालात मिळतंच असं नाही.

एक बाई मला अजून आठवते. तिच्या पोराला रात्री चौकीत मारलेलं. कोर्टात पंच फुटले, शेजारी फुटला, केस सुटली. नंतर चौकशीत साक्षीला बोलावलं तेव्हा ती पहाटेच्या एसटीने आली आणि पिशवीतून पोराचा शर्ट काढला, कॉलरपासून खिशापर्यंत फाटलेला, इतकी वर्षं न धुता घडी घालून ठेवलेला. तपासात तो जप्तच केला नव्हता, त्यामुळे कोर्टासमोर कधी आलाच नाही. केसपेपर पण तिच्याकडेच, सरकारी दवाखान्याचा, पहाटे तीन चाळीसची वेळ घातलेला. आणि ठाण्याच्या डायरीत पोराला रात्री अकराला सोडल्याची नोंद. चौकशी अधिकाऱ्याने डायरी मागवली, दोन्ही कागद शेजारी ठेवले. शेवटी त्या कर्मचाऱ्याची दोन वर्षांची वेतनवाढ रोखली, बस. पण तिच्या पोराला मारलं हे सरकारी कागदावर आलं ते फक्त त्या एका ठिकाणी.

वर्दीवाल्याची_बायको

काका तुमचा मान ठेवून बोलते, पण तुम्ही टेबलाच्या त्या बाजूला बसलेला होतात, मी या बाजूची आहे. माझे मिस्टर हवालदार. सात वर्षं केस चालली, त्यातली तीन वर्षं निलंबन, निर्वाह भत्ता सुरुवातीला अर्धा पगार आणि पुढे पाऊण. पोरीचा क्लास बंद केला, गळ्यातलं मोडलं, लाइनीतल्या बायका बोलेनाशा झाल्या. मग कोर्टाने निर्दोष सोडलं. जज साहेबांनी लिहिलंय की फिर्यादीची साक्ष विश्वास ठेवण्यासारखी नाही. आणि त्यानंतर आठ महिन्यांनी खात्याचं दोषारोपपत्र हातात, तेच आरोप, तेच साक्षीदार, शब्दसुद्धा तेच, फक्त वरचं हेडिंग बदललेलं. याला तुम्ही दुसरा प्रश्न म्हणता? आम्हाला तर ती पहिलीच परीक्षा परत द्यायला लावल्यासारखी वाटते, आणि या वेळी पेपर तपासणारा त्यांच्याच ऑफिसातला.

आणि शर्टाचं म्हणाल तर, शर्ट फाटलाय हे खरं, पण कोणी फाडला हे शर्ट कसा सांगेल? कोर्टात वकील उलटतपासणी घेतो. चौकशीत आमच्या बाजूने उभा राहतो तो बचाव सहायक, म्हणजे खात्यातलाच कोणीतरी, आणि त्याला पण उद्या त्याच साहेबांच्या हाताखाली नोकरी करायची असते. तो किती जोरात विचारणार?

अ‍ॅड_सोलापूर

कायद्याचं तेवढं सांगतो, कारण दोन्ही बाजूंनी थोडी गल्लत होतेय.

एका गुन्ह्याला दोनदा शिक्षा नको हे संविधानाच्या कलम २०(२) मध्ये आहे, पण ते फौजदारी खटल्यापुरतं. विभागीय चौकशी हा खटला नाही, तिथे संभाव्यतेचं पारडं कुठे झुकतं एवढं बघतात. म्हणून निर्दोष सुटल्यावर चौकशी बेकायदा ठरत नाही.

पण ताईंचा मुद्दा पण हवेतला नाही. १९९९ चा कॅप्टन पॉल अँथनी यांचा निकाल वाचा. कोलारच्या सोन्याच्या खाणीतले सुरक्षा अधिकारी. घरावर छापा पडला, सोन्याचा गोळा आणि सोनं मिसळलेली वाळू सापडल्याचा आरोप. निलंबनात निर्वाह भत्ताच दिला नाही, त्यामुळे त्यांना चौकशीला पोचता आलं नाही, आणि चौकशी त्यांच्या गैरहजेरीतच उरकून काढून टाकलं. कोर्टात छापाच सिद्ध झाला नाही. सुप्रीम कोर्टाने सांगितलं, दोन्हीकडे आरोप तेच आणि पुरावा तोच, तर कोर्टाने सोडल्यावर खात्याचा एकतर्फी निष्कर्ष टिकवणं अन्यायाचं होईल. परत कामावर घ्यायला लावलं. डिसेंबर २०२३ मध्ये राजस्थानच्या राम लाल या पोलीस शिपायाच्या केसमध्येही तसंच झालं, जन्मतारखेत खाडाखोड केल्याचा आरोप होता, अपिलात सुटला, सुप्रीम कोर्टाने नोकरी आणि अर्धा मागचा पगार दिला. तिथे कोर्ट म्हणालं की निकालात संशयाचा फायदा लिहिलंय की सन्मानाने सोडलं लिहिलंय या शब्दांत अडकू नका, निकालाच्या आत काय आहे ते वाचा.

ताई, तुमच्या मिस्टरांच्या निकालात फिर्यादी खोटा ठरला असेल तर ते पान चौकशीत लेखी जोडा आणि नोंद घ्यायला लावा. नाही घेतली तर मॅटमध्ये, म्हणजे सरकारी नोकरांच्या न्यायाधिकरणात, तोच मुद्दा पहिला.

निवृत्त_लिपिक

वकीलसाहेब, आत वाचा हेच मी म्हणतोय, पण मग समुथिरमची केस पण आत वाचा ना. तमिळनाडूचा पोलीस, जुलै १९९९, कुर्तालमच्या धबधब्याच्या सीझनला बंदोबस्ताला पाठवलेला. रात्री तेनकाशीच्या बस स्टँडवर दारू पिऊन नवऱ्यासोबत उभ्या असलेल्या एका बाईची छेड काढली. नवरा-बायको दोघांनी तक्रार दिली. खात्याने कोर्टासाठी न थांबता चौकशी पूर्ण करून बडतर्फ केलं. कोर्टात मात्र ते दोघेही फितूर, मग संशयाचा फायदा, सुटका. हायकोर्टाने तर परत घ्या म्हणून सांगितलं होतं. २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने बडतर्फी कायम केली, म्हणाले ही सन्मानाची सुटका नव्हेच.

आता मला सांगा, ते नवरा-बायको का फिरले असतील? परगावचे स्टँडवरचे दोन साधे लोक, समोर पोलीस. मी अशा लोकांची तोंडं पाहिलीत. ऑफिसबाहेरच्या बाकावर बसायचे आणि ज्याच्याविरुद्ध साक्ष द्यायची तो समोरून चहाचा कप घेऊन जायचा, हसून नमस्कार घालायचा, कधी कधी गावाचं नाव घेऊन विचारायचा, काय पाऊसपाणी. एवढं पुरे असतं.

नागपूरचा_पाटील

पण काका मग ह्याचा अर्थ साक्षीदार फिरला की पोलीस दोषी? असं कसं चालेल. सोहराबुद्दीनला बनावट चकमकीत मारल्याच्या आरोपाची केस आपल्या मुंबईतच चालली, २१० साक्षीदार तपासले, ९२ फितूर, डिसेंबर २०१८ मध्ये सगळे २२ सुटले, त्यातले २१ पोलीस. कोणी म्हणतं दबावाने फिरले, कोणी म्हणतं मुळात जबाबच खोटे लिहून घेतलेले. दोन्ही होऊ शकतं. साक्षीदार का फिरला हे खात्याला कोर्टापेक्षा जास्त कसं कळणार ते मला कोणी सांगावं.

हेडक्वार्टर_७८

३४ वर्षं नोकरी, सहायक फौजदार म्हणून रिटायर. मला दोन्ही बाजू पटत नाहीत कारण खरी गोष्ट कोणीच बोलत नाही. चौकशी होते कोणाची? शिपाई, नाईक, हवालदार. वरच्या साहेबाचं नाव डायरीत नसतंच, तोंडी ऑर्डर असते, आणि तोंडी ऑर्डरचा पुरावा आणायचा कुठून. मारायला सांगणारा वेगळा, वेतनवाढ जाते ती मारणाऱ्याची. मारणाऱ्याची जाऊ नये असं माझं म्हणणं नाही, जावीच. पण चौकशी वर चढतच नाही.

आणि मोठ्यांचं बघा. लखन भैयाची पोलीस चकमक, ११ नोव्हेंबर २००६. जुलै २०१३ मध्ये सेशन कोर्टाने १३ पोलिसांना जन्मठेप दिली, पोलीस अधिकारी प्रदीप शर्मा सुटले. २०१७ मध्ये परत नोकरीत, २०१९ मध्ये राजीनामा देऊन नालासोपाऱ्यातून निवडणूक. मार्च २०२४ मध्ये हायकोर्टाने ती सुटका फिरवली आणि जन्मठेप दिली. प्रकरण पुढे सुप्रीम कोर्टात गेलंय त्यामुळे दोषी की निर्दोष यावर मी बोलत नाही. मी फक्त तारखा सांगतोय. खालच्या कोर्टाची सुटका हाच शेवटचा शब्द धरला तर असं होतं, की माणूस परत वर्दीत येतो, नोकरी सोडून पण जातो आणि त्यानंतर निकाल उलटा होतो.

वर्दीवाल्याची_बायको

दादा, म्हणजे हायकोर्ट फिरवेपर्यंत आमच्यासारख्यांनी लटकत राहायचं? दहा वर्षं?

हेडक्वार्टर_७८

नाही ताई, उलट. खात्याने घटनेनंतर लगेच, वर्षाच्या आत स्वतःची चौकशी संपवावी, कोर्टाच्या तारखांवर टांगून ठेवू नये. आठवणी ताज्या असतात, डायरी ठाण्यात असते, सीसीटीव्ही मिळतं. मग कोर्टात काय व्हायचं ते होवो. सुटका झाल्यावर आठ महिन्यांनी जागं व्हायचं ही तुमच्या मिस्टरांच्या बाबतीत खात्याची चूक आहे, मी खात्याचा माणूस असून सांगतो.

लंडनहून_सातारकर

इथेही हेच पेटलंय म्हणून लिहितो. सप्टेंबर २०२२ मध्ये दक्षिण लंडनमध्ये ख्रिस काबा नावाच्या तरुणाला गाडीत असताना पोलिसाची गोळी लागली. मार्टिन ब्लेक या पोलिसावर खुनाचा खटला झाला, ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्युरीने निर्दोष सोडलं. तरी २०२५ मध्ये इथल्या स्वतंत्र तक्रार संस्थेने जाहीर केलं की गंभीर गैरवर्तनाची सुनावणी व्हायला हवी. खटला भरला तेव्हाच कितीतरी बंदूकधारी पोलिसांनी शस्त्रं खाली ठेवलेली, पुढे काय झालं असेल ते समजून घ्या.

इथला फरक एवढाच की नियम आधी उघडा मांडला होता. २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने डब्ल्यू८० असा सांकेतिक क्रमांक असलेल्या एका पोलिसाच्या प्रकरणात सांगितलं की खटल्यात माझा जीव धोक्यात आहे असं त्याला मनापासून वाटलं एवढं पुरतं, पण शिस्तीच्या सुनावणीत ते वाटणं चुकीचं असेल तर वाजवी पण होतं का हे बघायचं. म्हणजे प्रश्नच वेगळा. पोलीस संघटनांना हे अजिबात मान्य नव्हतं, त्यांचा राग मला समजतो, पण निदान कशावरून तपासणार ते माहीत होतं. ताईंच्या मिस्टरांना दोषारोपपत्रात तेच शब्द परत दिले हे मला जास्त खटकलं.

निवृत्त_लिपिक

सातारकर, हे बरोबर पकडलंत, आणि माझी चूक मी कबूल करतो. मी वर दुसरा प्रश्न म्हणालो, पण आमच्याकडे किती फायलींत तो खरंच वेगळा विचारला जायचा? अर्ध्याहून जास्त दोषारोपपत्रं कोर्टातल्या चार्जशीटवरूनच उतरवलेली असायची, कारण तेच सोपं. मीच टाइप केलीत. अमुक दिवशी मारहाण केली असं लिहायचो. खरं तर लिहायला हवं होतं की ताब्यातल्या माणसाची वैद्यकीय तपासणी केली नाही, डायरीत खोटी वेळ घातली, वरिष्ठांना कळवलं नाही. या गोष्टींना फितूर होणारा साक्षीदार लागतच नाही, कागद बोलतो. पाटील, तुमच्या प्रश्नाचं माझ्याकडे एवढंच उत्तर आहे. साक्षीदार का फिरला ते खात्याला कळणार नाही, पण स्वतःची डायरी खोटी आहे का हे खात्याइतकं दुसऱ्या कोणाला कळतं?

आणि चौकशी अधिकारी त्याच जिल्ह्याचा नको. २००६ च्या प्रकाश सिंह निकालात पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी वेगळं प्राधिकरण नेमा म्हणून सांगितलं, आपल्याकडे २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती पण झाली. पण त्या बाईला शर्ट घेऊन तिथे जाता येतं हे कोणी सांगितलंच नसतं. मी पण सांगितलं नाही.

नागपूरचा_पाटील

डायरीवाला मुद्दा मान्य काका. पण मग नियम असा करा की कोर्टात जे आलं आणि टिकलं नाही ते परत उगाळायचं नाही, कोर्टात न आलेलंच चौकशीत घ्यायचं. एवढं झालं तर माझा विरोध नाही.

अ‍ॅड_सोलापूर

तेवढं कडक करता येणार नाही पाटील साहेब. पुरावा एकच असला तरी मोजायचं माप वेगळं असतं. पण जुनं उगाळायचं असेल तर का उगाळतोय हे चौकशी अधिकाऱ्याने कारणांसकट लिहावं, एवढी अट रास्त आहे.

वर्दीवाल्याची_बायको

काका, तुम्ही सांगितलंत तसं आमच्या दोषारोपपत्रात डायरीबद्दल एक ओळ नाही. मिस्टर म्हणतात डायरी मागवा, मला भीती नाही, त्या रात्री मी बंदोबस्तावर होतो हे तिच्यातच आहे. दोनदा अर्ज दिला, रेकॉर्ड सापडत नाही म्हणतात. डायरी मागवायचा अधिकार आम्हाला पण आहे ना वकीलसाहेब? की तो फक्त तक्रारदाराच्या बाजूने वापरायचा असतो?

गुरुवारी पुढची तारीख आहे, पाचवी. चौकशी अधिकारी बदललेत, नवीन साहेबांनी फाइल अजून उघडलेली नाही म्हणे. त्या बाईचं वाचून रात्री झोप लागली नाही हे पण सांगते. तिचं पोर खोटं नसणार. पण माझा नवरा पण खोटा नाही.

अ‍ॅड_सोलापूर

अधिकार आहे ताई, पूर्ण आहे. तिसरा अर्ज द्या, पोच घ्या, त्यावर तारीख-वेळ आणि शिक्का मारून घ्या, आणि डायरी न दिल्याने बचावाला काय बाधा येते ते एका परिच्छेदात लिहा. मसुदा मी करून देतो, फी नको. गुरुवारच्या आत मेसेज करा.