विकलेली बंदूक: तुमचा अनुभव सांगा

पुणे (धागा काढणारा)

वडिलांच्या परवान्यावर तीन हत्यारं होती. कानपूरचं पॉइंट बत्तीस रिव्हॉल्व्हर, इशापूरची तीनशे पंधरा रायफल आणि आजोबांची बर्मिंगहॅमची ग्रीनर, बारा बोर दुनळी. डिसेंबर २०१९ मध्ये शस्त्र कायदा बदलला. एका माणसाकडे तीनऐवजी दोनच हत्यारं राहतील, तिसरं वर्षभरात पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा, असं आलं. (मूळ विधेयकात तर एकच ठेवायची मुभा होती.) वारशाने आलेल्या हत्यारालाही सूट नव्हती.

कुठलं काढायचं हे मी ठरवलं. रायफल शेतावर लागते, रिव्हॉल्व्हर रोकड नेताना लागायचं. उरली ग्रीनर. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर आजोबा शिकारीला गेलेच नाहीत, म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षं ती नुसती पुसली जात होती. मी म्हणालो, "बाबा, हिला वापरतंय कोण?" ते काही बोलले नाहीत. मी तो होकार धरला.

बावीस हजार आले. त्यात घरात एक फ्रीज आला.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी बाबा ती मोडून नळ्या वेगळ्या करायचे, गजाला चिंधी गुंडाळून तेल फिरवायचे आणि मग नळ्या खिडकीकडे धरून मला म्हणायचे, "बघ, आभाळ दिसतंय का?" दोन गोल, चकचकीत आभाळं दिसायची. मी सहा वर्षांचा असल्यापासून हे चालू होतं. बंदूक गेल्यावर कळलं की आमच्या घरात खंडेनवमी म्हणजे एवढंच होतं.

तुमच्यापैकी कुणी असं काही विकलंय का? हौसेची, वारशाची, जमवलेली, कुठलीही. कायद्याची चर्चा नको, अनुभव लिहा.

देवगड

आमची ठासणीची. शेतसंरक्षणाचा परवाना, आजोबांच्या नावावरून वडिलांच्या नावावर आलेला. दारू, छर्रे, वर केप लावायची, आणि एकदा बार निघाला की पुढचा भरेपर्यंत डुक्कर शेजारच्या वाडीत पोचलेलं असायचं. निवडणूक लागली की ठाण्यात नेऊन जमा करा, निकाल लागला की रांग लावून परत आणा. वडिलांचे गुडघे गेल्यावर हे मीच करत होतो. शेवटी वैतागून पलीकडच्या वाडीतल्या एका परवानेवाल्याला दिली. पैसे सांगण्यासारखे नाहीत.

आता गंमत ऐका. ती बंदूक अजून वाजते. संध्याकाळी पलीकडून बार ऐकू आला की मला कळतं, आमचीच. काडतुसाच्या बंदुकीचा आवाज कोरडा येतो, ठासणीचा जरा दबका, मागे घुमत राहणारा. आई ओटीवर भाजी निवडत असते. ती मान वर न करता म्हणते, "आपली वाजली."

आणि आमच्या काजूत माकडं बसलेली असतात. वडील म्हणायचे, "माकडां बंदूक बगून पळतत, बार कशाक व्हयो?" खरंच होतं. आता काठी घेऊन गेलो तर माकडं जागची हलत नाहीत.

कोल्हापूर

धागा चांगला आहे, पण मला अजिबात वाईट वाटलेलं नाही. आमच्या एका काकांनी बांधावरच्या भांडणात दुनळी बाहेर काढली होती. गोळी झाडली नाही, पण काढली. त्या रात्री आजीने ती कुलपात घातली आणि किल्ली स्वतःच्या कमरेला लावली. महिन्याभरात विकून मोकळे झालो. न्यू पॅलेसच्या संग्रहालयात शस्त्रं काचेत आहेत, तिथंच ती शोभतात बघा.

ओहायो (मूळ भुसावळ)

मी अमेरिकेतला अनुभव लिहितो. पण त्याची सुरुवात वरणगावात आहे.

वडील वरणगावच्या आयुध निर्माणीत होते. तिथे रायफलची काडतुसं होतात. आमच्या क्वार्टरमधल्या सगळ्यांचेच वडील तिथे, त्यामुळे त्यात विशेष वाटण्यासारखं काही नव्हतं. मी इकडे आलो, ग्रीन कार्ड झालं आणि एका सहकाऱ्याबरोबर उगीच गन शोला गेलो. तिथे एका टेबलावर जुन्या लष्करी रायफलींच्या ढिगात एक ओळखीची वाटली. बोल्टखालच्या पोलादी पट्टीवर 'आर.एफ.आय.', म्हणजे रायफल फॅक्टरी इशापूर. ६२ च्या चीन युद्धानंतर आपल्याकडे जुन्या ब्रिटिश ली-एनफिल्डच्या घडणीवर ७.६२ मि.मी.ची जी रायफल केली, ती. पुढे मोडीत निघून इथे आलेली. किंमत शंभर डॉलरच्या जरा वर. विकणारा म्हणाला, हिच्यासाठी भारतीय काडतुसंही आहेत, स्वस्तात देतो. मी एक हातात घेऊन बूड बघितलं. 'ओ.एफ.व्ही.' ऑर्डनन्स फॅक्टरी वरणगाव.

मी तिथे किती वेळ उभा होतो कोण जाणे. सहकाऱ्याने विचारलं, बरं वाटत नाही का?

बुडाचा फोटो काढून धाकट्या भावाला पाठवला, त्याने तो वडिलांना दाखवला. फोनवर त्यांचा पहिला प्रश्न, "साल कुठलं आहे?" मी सांगितलं. थोडं थांबून म्हणाले, "मग मी तेव्हा पॅकिंगला होतो." आणि लगेच, "जपून झाड रे. इतकी वर्षं कुठं कुठं ठेवलेलं असेल, भरवसा नाही." इथल्या नेमबाजांमध्ये त्या मालाबद्दल तक्रारी होत्याच, पण त्या मी त्यांना कधी सांगितल्या नाहीत.

२००८ मध्ये नोकरी गेली. घरात अशा नऊ-दहा जुन्या रायफली झाल्या होत्या. इथे पन्नास वर्षांहून जुन्या बंदुका जमवणाऱ्यांसाठी वेगळा परवाना मिळतो, तो मी काढला होता. बायकोने बरोबर प्रश्न विचारला: हप्ते भरायचे की ह्या बघत बसायचं? सगळ्या विकल्या. रशियन गेल्या, त्यांचं काही नाही, तेव्हा त्या ढिगाने मिळायच्या. (आज त्यांच्या किमती बघून इथले लोक कपाळ बडवतात, तो विषय वेगळा.) इशापूरवाली शेवटी गेली. घेणारा कॉलेजातला पोरगा होता. त्याला मी ओ.एफ.व्ही.ची उरलेली काडतुसंसुद्धा फुकट देऊन टाकली. वडिलांना सांगितलं नाही. पुढे दर वेळी ते विचारायचे, "आपली रायफल कशी आहे?" मी म्हणायचो, छान आहे. ते गेले २०१५ ला. तोवर सात वर्षं मी हे खोटं बोलत होतो.

एक रिकामं काडतूस गाडीच्या सीटखाली सापडलं, तेवढं ठेवलंय.

ओहायो (पुन्हा मीच)

ज्या सहकाऱ्याबरोबर गेलो होतो त्याची गोष्ट राहिली. त्याच्याकडे कोल्ट कंपनीचं पायथन रिव्हॉल्व्हर होतं, वडिलांनी घेतलेलं. कंपनी १९५५ पासून ते काढायची. ह्याने मोटरसायकलसाठी विकलं, पुढे उत्पादनच थांबलं आणि जुन्यांचे भाव चढत गेले. २०२० ला कंपनीने ते नव्याने बाजारात आणलं तेव्हा ह्याने पहिल्या काही महिन्यांतच घेतलं. मला दाखवायला आणलं. म्हणाला, जुन्यापेक्षा मजबूत आहे. मग डब्यात ठेवलं. त्यावर आम्ही पुढे काही बोललो नाही.

नागपूर

मी बाई आहे हे आधीच सांगते, कारण सगळी गोष्ट तिथेच आहे.

बाबांची ब्रनो रायफल, पॉइंट टू टू, चेकोस्लोव्हाकियाची. आमच्याकडे सगळे तिला 'बर्नो' म्हणायचे. आवाज टाळी वाजवल्यासारखा, धक्का जवळजवळ नाहीच. मी एनसीसीत होते, नेमबाजीत जिल्ह्यापर्यंत गेले, आणि त्यात बर्नोचा हात मोठा होता. बाबा पन्नास पावलांवर जुन्या पोस्टकार्डाचा तुकडा लावायचे. पाच गोळ्या एका रुपयाच्या नाण्याखाली झाकल्या गेल्या तर कुल्फी. माझा भाऊ एकदाही कुल्फी जिंकला नाही. हे त्याला वाचायला मिळालं तर मिळू दे.

बाबा वारल्यावर रायफल ठाण्यात जमा केली. दोन्ही भाऊ बाहेरगावी. मी म्हटलं, मी परवान्यासाठी अर्ज करते. मोठे मामा हसले: "मुलीच्या जातीला कशाला हवी? जावई काय म्हणतील?" जावयांना विचारलंच नव्हतं कुणी. एका दुपारी कागदांवर तिघांच्या सह्या झाल्या. मीही केली. कुणी जबरदस्ती केली नाही, हेच जास्त टोचतं.

दोन वर्षांनी एका कामासाठी वकिलांकडे गेले असताना सहज विषय निघाला. कायदेशीर वारस म्हणून मुलीला अर्ज करायला काहीच आडकाठी नव्हती. एवढंच नाही, २०१६ च्या नियमांत अशी सोय आहे की परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला किंवा हत्यार पंचवीस वर्षं त्याच्याकडे असलं, तर तो हयातीतच ते वारसाकडे देण्यासाठी अर्ज करू शकतो. बाबा गेले तेव्हा अठ्ठ्याहत्तरचे होते. म्हणजे आठ वर्षं आम्हाला संधी होती आणि एकालाही माहीत नव्हतं.

आता मी क्लबमध्ये एअर रायफल चालवते. चांगली आहे, जर्मन आहे. कुल्फी स्वतःच घेते.

लंडन

आमचं विकलेलं नाही, जमा केलेलं. १९९६ ला स्कॉटलंडमध्ये डनब्लेनच्या शाळेत लहान मुलांवर गोळीबार झाला. त्यानंतर १९९७ मध्ये इथे आधी मोठ्या बोअरची पिस्तुलं गेली, मग वर्षअखेरीस पॉइंट टू टू चीसुद्धा. माझं नेमबाजीचं पिस्तूल पोलीस ठाण्यात देऊन पावती आणि भरपाई घेतली. ती मुलं माझ्या मुलीच्या वयाची होती. हळहळ वाटली, पण ती कुणापुढे बोलून दाखवायची माझी हिंमत झाली नाही. आज इथे पहिल्यांदा लिहितोय.

सांगली

मी दुसऱ्या बाजूचा. तीस वर्षं बंदुकांच्या दुकानात काढली, आता मुलगा बघतो.

२०२० साल विचारू नका. टाळेबंदी, त्यात लोक तिसरं हत्यार घेऊन दारात. सगळ्यांना एकाच वर्षात द्यायचं, मग भाव कुठून येणार? ज्या दुनळ्या आम्ही एरवी हात धुऊन हातात घेतल्या असत्या त्या भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या. काही नळ्यांवर लाकडाच्या रेषांसारखी नक्षी, लोखंड-पोलाद पिळून केलेल्या. एकीच्या पट्टीवर कलकत्त्याच्या मँटन कंपनीचं नाव. आणणाऱ्यांना काही माहीत नसायचं. 'आजोबांची आहे' एवढंच.

पश्चात्तापाचं म्हणाल तर तो साधारण महिन्याने यायचा. फोन यायचा, "ती आहे का अजून?" आवाजावरूनच कळायचं. एरवी परवानेवाल्याने परस्पर दुसऱ्याला विकायची असेल तर आधी लेखी कळवून पंचेचाळीस दिवस थांबावं लागतं. मला वाटतं ती मुदत विकणाऱ्याच्याच भल्याची आहे. दुकानात जमा करणाऱ्याला तेवढीही मिळत नाही.

एक मात्र लक्षात ठेवा. लोक बंदुकीबरोबर सगळंच आणून द्यायचे: चामड्याची पेटी, गज, तेलाची बाटली, जुन्या पावत्या, खडकीच्या 'शक्तिमान' काडतुसांचे रिकामे पुठ्ठ्याचे डबे. अहो, ह्याला परवाना लागत नाही! एक आजोबा पेटीसुद्धा काउंटरवर ठेवून निघाले होते. मी मागे पळत जाऊन दिली. त्यांनी ती दोन्ही हातांनी पोटाशी धरली आणि रिक्षात बसले.

पुणे (धागा काढणारा)

सांगलीकर, तुमचा प्रतिसाद वाचून माळ्यावर चढलो. पेटी मी बंदुकीबरोबरच देऊन टाकली होती, ती गेली. पण गज सापडला, कपाटामागे पडला होता म्हणून वाचला. पितळी टोक काळं पडलंय.

नेऊन बाबांच्या हातात दिला. ते आता ब्याऐंशीचे आहेत, फारसे उठत नाहीत. त्यांनी तो उभा धरून डोळ्यासमोर नेला, वाकलाय का ते पाहिलं, चिंधी मागितली. मी जुना बनियन फाडून दिला. बराच वेळ पुसत होते. मग म्हणाले, "तेल संपलंय. नवमीच्या आत आण."