सोयाबीनची रास झाली, देणी पाच ठिकाणी: आधी कोणाचं फेडावं अन् माल कधी विकावा?

औसा_कोरडवाहू:
नमस्कार मंडळी. पाच एकर कोरडवाहू, तालुका औसा. सोयाबीन ३० क्विंटल घरात आहे, दोन एकरावर हरभरा पेरलाय. दुधाचे खर्च जाऊन महिन्याला ६,००० सुटतात. घरखर्च ११,००० आहे, त्यात सावकाराचं व्याज धरलेलं आहे.

देणी अशी:
पीककर्ज १,५०,००० (३१ मार्चला भरायचं)
सोनेतारण ८०,०००, खासगी फायनान्सकडं, १८ टक्के
सावकार ५०,०००, शेकडा तीन, दोन वर्षं झाली
घरच्यांच्या (बायकोच्या) नावावर मायक्रोफायनान्स, बाकी ३८,०००, हप्ता महिन्याला २,४५०
कृषी केंद्राची उधारी २४,०००

मोंढ्यात (बाजार समितीत) भाव क्विंटलला ४,२०० च्या आसपास मिळतोय. भाव वाढंल म्हणून माल ठेवावा का विकून मोकळं व्हावं? अन् आधी कोणाचं द्यावं? कृषी केंद्रवाला रोज फोन करतो, म्हणून त्यालाच आधी द्यावं वाटतंय.

हिशोबनीस:
जो जास्त फोन करतो त्याला आधी, हा क्रम काढून टाका. सगळे व्याजदर वर्षावर आणा. शेकडा तीन म्हणजे महिन्याला शंभराला तीन, वर्षाला ३६ टक्के. मायक्रोफायनान्स साधारण २४ च्या आसपास असतं, कागद बघा. सोनं १८. पीककर्ज वेळेवर भरलं तर तीन लाखांपर्यंत आपल्याकडं शून्य टक्के पडतं: मूळ दर ७, त्यातले ३ केंद्राकडून वेळेवर भरल्याबद्दल सूट, उरलेले राज्य सरकारच्या व्याज सवलतीतून. तारीख चुकली की दोन्ही सवलती जातात. दीड लाखावर वर्षाचे १०,५०० अंगावर, वर थकीत झाल्यावरचं व्याज वेगळं. म्हणून पीककर्जाचा दर सगळ्यात कमी असला तरी त्याची तारीख सगळ्यात महाग आहे.

आता माल ठेवण्याचं. सावकाराचं देणं डोक्यावर असताना माल ठेवणं म्हणजे शेकडा तीननं पैसे काढून सोयाबीन विकत घेण्यासारखं आहे. ४,२०० चे ३ टक्के म्हणजे क्विंटलमागं महिन्याला १२६ रुपये. भाव दर महिन्याला तेवढा चढला तरच तुम्ही जिथं आहात तिथं राहाल. शिवाय साठवणुकीत वजन घटतं ते वेगळंच.

पण सगळी सोयाबीन विकून सावकाराला देऊ नका. आधी सोनं बघा. ते जुन्या भावानं तारण ठेवलेलं असणार, आज त्याच दागिन्यांवर जास्त कर्ज बसतं. सरकारी बँकेत शेतीसाठीचं सोनेतारण साधारण ९ टक्क्यांच्या आसपास मिळतं. तिथं १,३०,००० काढलं तर ८०,००० चं जुनं आणि सावकाराचे ५०,००० दोन्ही मिटतात. आज या दोन्हींवर वर्षाला १४,४०० आणि १८,००० मिळून ३२,४०० व्याज जातं, मग ११,७०० जाईल.

जायच्या आधी तीन गोष्टी विचारा: बँक दुसरीकडचं सोनं स्वतः पैसे भरून सोडवून घेते का, मूल्यांकनाची फी किती, अधूनमधून मुद्दल भरता येतं का. फायनान्सकडून आजची एकूण बाकी लेखी घ्या. काही ठिकाणी व्याज दरमहा भरलं नाही की दर वरच्या टप्प्यावर जातो, त्यामुळं ८०,००० समजून गेलेल्याला आकडा मोठा निघतो.

तेरणाकाठ:
हिशोबनीस भाऊंचं गणित बरोबर, पण सावकाराला पैसे नेऊन द्यायच्या आधी थांबा. त्याच्याकडं काय लिहून दिलंय? कोरा चेक, सही केलेला बाँड (स्टॅम्प पेपर), का थेट खरेदीखत? यावर सगळं अवलंबून आहे.

२०१४ च्या सावकारी कायद्यात परवानाधारक सावकारालाही शेतकऱ्याकडून तारण कर्जावर वर्षाला ९ आणि विनातारण कर्जावर १२ टक्क्यांच्या वर घेता येत नाही. चक्रवाढ चालत नाही, मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही. तुम्ही दोन वर्षांत ३६,००० व्याजच दिलंय. १२ टक्क्यांनं ते १२,००० व्हायला पाहिजे होतं. म्हणजे बोलणी ५०,००० पासून सुरू करायचीच कशाला?

चेक-बाँडवरचं देणं असेल तर चार माणसांसमोर बसून रक्कम ठरवा, पैसे बँकेतून द्या. चेक आणि बाँड हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम सोडू नका, अन् 'येणे बाकी नाही' असं लिहून घ्या. चेक हरवला म्हणाला तर त्या नंबरचं पेमेंट त्याच दिवशी बँकेत थांबवा.

खरेदीखत करून दिलं असेल तर मात्र तोंडी तडजोड करू नका. परवाना आहे का ते तालुक्याच्या सहायक निबंधक कार्यालयात कळतं. अर्ज जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडं करायचा. अवैध सावकारीतून गेलेली जमीन १५ वर्षांच्या आतली असेल तर चौकशीअंती परत देण्याचा अधिकार त्यांना आहे. दिलेल्या व्याजाच्या तारखा, फोनपेच्या नोंदी, साक्षीदार, जे असेल ते जोडा. रोखीनं दिलेलं सिद्ध करणं अवघड जातं, म्हणून इथून पुढं एक रुपयाही रोख नको.

मोंढा_नाका:
मालाबद्दल. ३० क्विंटलचे तीन भाग करा.

बियाणं आधी बाजूला: एकरी ३० किलो धरून पाच एकराला दीड क्विंटल. मळणीत टरफल फुटलेला माल त्यात नको. मेमध्ये शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचे. सत्तर किंवा जास्त उगवले तर पेरायला चालतं. कट्टे एकावर एक उंच रचू नका, सोयाबीनची उगवण त्यानंच जाते. जूनमध्ये बियाण्याची उधारी होते ती इथंच वाचते.

१५ क्विंटल हमीभावाला. २०२५-२६ चा दर ५,३२८ आहे, म्हणजे ७९,९२०. ऑनलाइन नोंदणी, सातबाऱ्यावर पीकपेरा, आधार, पासबुक लागतं. ई-पीक पाहणीत सोयाबीन नोंदलेलं नसेल तर तिथंच अडतं. ओलावा १२ टक्क्यांच्या आत हवा, नाहीतर गाडी भाड्यासकट परत येते. एका शेतकऱ्याकडून किती घेतात हे जिल्ह्याच्या उत्पादकतेवर ठरतं, केंद्रावर विचारून घ्या. पैसे लगेच हातात येत नाहीत, ते धरूनच चाला.

उरलेले साडेतेरा आत्ताच मोंढ्यात: ५६,७०० च्या आसपास, हमाली-तोलाई वजा. त्यातून कृषी केंद्र २४,००० मिटवा आणि बाकी घराला.

हमीभाव केंद्राचा नंबर लागायला उशीर होणार असेल तर बाजार समितीची शेतमाल तारण योजना आहे: किमतीच्या ७५ टक्के, वर्षाला ६ टक्के व्याज, मुदत १८० दिवस. १५ क्विंटलवर ४७,००० च्या जवळ मिळतात अन् सहा महिन्यांचं व्याज १,४०० च्या आसपास. म्हणजे क्विंटलला शंभराच्या आत. भाव वाढायची वाटच बघायची तर अशी बघावी. सगळ्याच समित्या ही योजना चालवत नाहीत, तुमच्याकडं आहे का ते आधी विचारा.

औसा_कोरडवाहू:
खरेदीखत नाही, दोन चेक अन् शंभरचा बाँड आहे. सगळ्यांचे लई आभार. एकच: मार्चमध्ये 'नवं-जुनं' (जुनं पीककर्ज भरून लगेच नवं उचलणं) करून देणारे फिरतात. चार-आठ दिवसांसाठी पैसे भरतात अन् शेकडा दोन घेतात. ते करावं का?

गटाची_ताई:
दादा, दीड लाखावर शेकडा दोन म्हणजे आठ दिवसांचे ३,०००. अन् बँकेनं नवीन कर्ज द्यायला महिना लावला तर तो माणूस दर आठवड्याला तेवढेच मागणार. त्याची गरजच पडत नाही, हिशोब बघा: हमीभावाचे ७९,९२०, हरभरा एकरी सहा क्विंटल धरून बारा, ५,५०० नं ६६,०००. झाले १,४५,९२०. कमी पडतात चार हजार, पीएम किसान अन् नमो शेतकरी योजनेच्या हप्त्यात तेवढे येतात. अट एकच, या दोन पिकांच्या पैशाला घरातला कोणीही हात लावायचा नाही. हरभऱ्याला उतार कमी आला तर काय, हे फेब्रुवारीतच कळंल, तेव्हा खड्डा किती ते मोजा. ३१ ची वाट बघू नका, २० मार्चपर्यंत भरा. शेवटच्या आठवड्यात बँकेत रांग लागते.

नोव्हेंबर ते मार्च घराचं बघा. ११,००० आणि हप्ता २,४५०, त्यातून दुधाचे ६,००० गेले, महिन्याला ७,४५० कमी. पाच महिन्यांचे ३७,२५०. उधारी देऊन हातात ३२,७०० राहतात, म्हणजे साडेचार हजारांची ओढाताण आहेच. हे ३२,७०० वेगळ्या खात्यात ठेवा, ज्याला एटीएम अन् फोनपे जोडलेलं नाही. एक तारखेला ६,५०० काढायचे, बस. लग्नाचा आहेर, वेळ अमावास्येचा सण, पाहुणे, सगळं त्यातच. सावकाराचे १,५०० सुटतील ते घरखर्चात मुरू देऊ नका, दर महिन्याला सोन्याच्या कर्जात भरा.

मायक्रोफायनान्सचा हप्ता चुकवू नका, अन् वहिनींना दुसऱ्याच्या नावचं कर्ज उचलू देऊ नका. गटात 'तुझ्या नावावर काढ, हप्ता मी भरते' हे लई चालतं, अन् थकलं की सिबिल वहिनींचंच जातं. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं घरातले सगळे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या आत पाहिजेत, अन् वसुलीला सकाळी नऊच्या आधी अन् संध्याकाळी सहाच्या नंतर येता येत नाही. मुदतीआधी फेडलं तर दंड नाही. पुढं गरज पडली तर आधी उमेदच्या (सरकारी ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या) बचत गटाचं बँक कर्ज बघा, त्याचा दर बराच कमी असतो.

हिशोबनीस:
ताईंच्या हिशोबाला दोन जोड.

हमीभावाचे पैसे ज्या बचत खात्यावर येणार ते थकीत कर्जाच्या बँकेत असेल तर होल्ड लागण्याची, म्हणजे बँक पैसे अडवून ठेवण्याची, तक्रार नेहमी येते. तुमचं अजून थकीत नाही, तरी आधार कोणत्या खात्याला जोडलंय ते आत्ताच तपासा.

विमा: खात्यातून वर्षाला ४३६ रुपयांत जीवनज्योती (१८ ते ५० वर्षं) आणि २० रुपयांत सुरक्षा विमा (१८ ते ७०), दोन्ही २ लाखांचे. मेअखेर खात्यात शिल्लक नसली तर ते गुपचूप बंद पडतात.

अन् पुढं कधी शिल्लक पडली तर एक-दोन टक्के जास्त मिळतात म्हणून मल्टिस्टेट सोसायटीत किंवा पतसंस्थेत ठेवू नका. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा आहे, तिथं नाही. बीड, जालन्याकडं ठेवी अडकलेली माणसं आजही कार्यालयांचे उंबरे झिजवतायत.

तेरणाकाठ:
सावकाराकडं जाताना दोन्ही चेकचे नंबर पासबुकावरून काढून न्या. बाँडवर रक्कम किती लिहिलीय तेही आठवा, बऱ्याचदा दिलेल्यापेक्षा जास्त लिहून घेतलेली असते. तसं असेल तर बैठकीआधीच सांगा, अर्जाचा मसुदा इथं टाकतो.